खुर्ची सोडा, पाय मोकळे करा!

सकाळी नऊच्या सुमारास ठाणे-वाशी लोकल ऐरोली, घणसोली, कोपरखैरणेला थांबते आणि फलाटावर एकच झुंबड उडते. गळ्यात आयडी कार्ड, पाठीवर लॅपटॉपची बॅग, हातात डब्याची पिशवी. जिना उतरायचा, सबवे ओलांडायचा, रिक्षाची रांग गाठायची. एवढा वेळ नवी मुंबईतला नोकरदार भलताच चपळ असतो. मग दारावर कार्ड टेकवलं, खुर्ची पुढे ओढली, लॉगिन केलं की पुढचे आठ-नऊ तास पायांना कामच उरत नाही. पाण्याची बाटली टेबलावर, चहा जागेवर, शेजारच्या टीमशी बोलणं चॅटवर, खाली उतरायला लिफ्ट आणि गेटवर कॅब.

एवढं बसून शरीराचं काय होतं, याचा शोध घेताना जगभरात भन्नाट गोष्टी हाती लागल्या आहेत. एक सापडली लंडनच्या बसमध्ये, एक पुण्याच्या हॉस्पिटलात, एक साताऱ्याजवळच्या औंध संस्थानात. या सगळ्यांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: उठायला निमित्त मिळालं की माणूस उठतो. ते निमित्त द्यायचं काम ऑफिसचं आहे.

एकाच बसमधले दोघे

जेरेमी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या डबलडेकर बसवरच्या ड्रायव्हर-कंडक्टरांचा अभ्यास केला आणि १९५३ साली तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. बस एकच, रस्ते तेच, फरक फक्त कामाचा. ड्रायव्हर जवळजवळ सगळी शिफ्ट बसून असायचा, तर कंडक्टर तिकिटं देत वरखाली करायचा आणि दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढायचा. कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, आणि झाला तरी उशिरा आणि सौम्य स्वरूपात होतो, असं आढळलं. टपाल खात्यातही तोच प्रकार दिसला. पत्रं वाटत फिरणारे पोस्टमन टेबलावरच्या कारकुनांपेक्षा धडधाकट होते.

पुढे मॉरिस यांनी या मंडळींच्या युनिफॉर्मची मापंही तपासली. ड्रायव्हरांच्या पँटी कमरेत जास्त ढगळ शिवाव्या लागत होत्या! व्यायाम आणि हृदय यांचं नातं आकडेवारीने मांडणारे हे डॉक्टर स्वतः ९९ वर्षं जगले.

सकाळचा जिम संध्याकाळपर्यंत पुरतो का?

पाम बीच रोडला पहाटे धावणारे, नेरुळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ला फेऱ्या मारणारे, यांना एक चांगली बातमी आहे आणि एक विचार करायला लावणारी. २०१६ साली ‘लॅन्सेट’मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचा एकत्रित अभ्यास आला. दिवसाला आठ तासांहून अधिक बसणाऱ्यांचा वाढीव धोका भरून निघू शकतो, असं त्यात दिसलं. ही झाली चांगली बातमी. पण त्यासाठी रोज ६० ते ७५ मिनिटं झपाझप चालण्याइतका व्यायाम लागतो.

दोन्ही बाजूंचा प्रवास, घरचा स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास सांभाळून रोज सव्वा तास काढणारे किती निघतील? म्हणूनच दिवसाच्या मधल्या आठ तासांकडे बघावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम हालचाल सांगितली. त्याच सूचनांत, सलग दहा मिनिटं चाललात तरच ते धरायचं, ही जुनी अट काढून टाकली. आता दोन मिनिटंही हिशेबात धरली जातात. ऑफिसात बसणाऱ्यांसाठी यापेक्षा सोयीचा नियम कोणता!

निम्मा देश बसून

२०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या जागतिक अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, बायकांत ५७ टक्के. घर आणि नोकरी अशा दोन्ही शिफ्ट करणाऱ्या बाईला स्वतःच्या शरीरासाठी वेळच उरत नाही, हे या आकड्यामागचं एक मोठं कारण. संध्याकाळच्या झुंबा क्लासला थांबणं तिला जमेलच असं नाही. कंपनीने व्यायाम ठेवायचा तर तो कामाच्या वेळेत ठेवावा.

बारीक आहात? तरी उठा

‘मला कशाला व्यायाम, माझं वजन तर बरोबर आहे,’ असं म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या के.ई.एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो जरूर बघावा. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघे शेजारी-शेजारी छापून आले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! याज्ञिक यांनी मोकळेपणाने त्याची कारणंही लिहिली. युडकिन जमेल तेव्हा मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिक यांचा स्वतःचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळत जाऊन ती पकडणं. स्वतःचं जन्मावेळचं वजन कमी होतं, हेही त्यांनी नोंदवलं.

वरून सडपातळ आणि आतून चरबी, ही भारतीय शरीराची ठेवण त्यांनी जगाला दाखवून दिली. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या अभ्यासाने देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज दिला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे आणखी १३ कोटी ६० लाख. म्हणजे वजनकाट्यावर विसंबून खुर्चीत रेलून बसण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही.

शतपावली डब्यानंतरही

रात्री जेवून शतपावली घालायची सवय मराठी घराला नवी नाही. दुपारी मात्र डबा संपला की तेच घर पुन्हा स्क्रीनसमोर. ऑस्ट्रेलियात २०१२ साली झालेल्या एका प्रयोगात जादा वजनाच्या माणसांना दर वीस मिनिटांनी उठून फक्त दोन मिनिटं हळू चालायला लावलं. जेवणानंतर रक्तात चढणाऱ्या साखरेत सुमारे २४ टक्के घट दिसली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने २०२३ मध्ये ११ जणांवर वेगवेगळी वेळापत्रकं करून पाहिली. त्यात दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं चालणं सर्वांत गुणकारी ठरलं. भरपेट जेवणानंतरची साखरेची उसळी ५८ टक्क्यांनी कमी झाली आणि रक्तदाबही ४ ते ५ अंकांनी उतरला.

हे प्रयोग छोटे आहेत, पण सगळ्यांचा रोख एकाच दिशेला आहे. भात-पोळी-भाजीचा डबा संपवल्यावर मजल्यावरच दोन फेऱ्या मारल्या तरी शरीर दुवा देईल. बाहेर मे महिन्याचं ऊन असो की जुलैचा पाऊस, आतल्या कॉरिडॉरला ऋतू नसतो.

पोटरीत दडलेला पंप

हृदय पायांपर्यंत रक्त ढकलतं. ते परत वर कसं येतं? त्यात मोठा वाटा पोटरीच्या स्नायूंचा. पाऊल पडलं की हे स्नायू आकसतात, आतल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर सरकतं. शिरांमधल्या झडपा ते पुन्हा खाली उतरू देत नाहीत. तासन्‌तास बसलं की हा पंप बंद पडतो. संध्याकाळी मोज्याचं इलॅस्टिक पायावर रुतलेलं दिसतं आणि घोटे सुजल्यासारखे वाटतात, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

पंप चालू करायची युक्ती सोपी आहे. कॉलवर असताना खुर्चीमागे उभं राहा, तिच्या पाठीला धरून दोन्ही टाचा उचला, क्षणभर थांबा, हळूच टेकवा. पंधरा-वीस वेळा. समोरच्या क्लायंटला पत्ताही लागणार नाही. अगदीच उठता येत नसेल तर बसल्या जागी टाचा वर-खाली करा.

फक्त उभं राहून भागत नाही

वर-खाली होणारी टेबलं आता बड्या ऑफिसांत आली आहेत. चांगलंच आहे. पण ४६ अभ्यासांचा एकत्रित हिशेब २०१८ साली आला, तेव्हा उभं राहिल्याने मिनिटाला फक्त ०.१५ कॅलरी जास्त जळते असं निघालं. ६५ किलोच्या माणसाने रोज सहा तास बसण्याऐवजी उभं राहून काढले तर फरक पडतो ५४ कॅलरींचा. एका पोळीइतकाही नाही! खरा फायदा बसणं, उभं राहणं, चालणं यांच्या अदलाबदलीत आहे.

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या सरकारी रुग्णालयांत १४६ कार्यालयीन कर्मचाऱ्यांवर वर्षभराचा प्रयोग झाला. त्यातल्या एका गटाला नुसतं टेबल दिलं नाही. सोबत छोटं व्याख्यान, पोस्टर, आपण किती बसतो हे दाखवणारं साधन आणि अधूनमधून विचारपूस करणारा मार्गदर्शक, असं सगळं दिलं. वर्षाअखेर त्यांचं बसणं दुसऱ्या गटापेक्षा दर कामाच्या दिवशी ८३ मिनिटांनी घटलं होतं. थकवा कमी आणि कामात लक्ष जास्त, अशीही नोंद झाली. २०१८ साली हे निष्कर्ष ‘बीएमजे’मध्ये आले. नुसतं महागडं टेबल आणून ठेवलं आणि त्याबद्दल कुणी बोललंच नाही, तर चार दिवसांत त्यावर फायलींचा ढीग चढतो.

एका शहरात दोन टोकं

महापेच्या काचेच्या इमारतींपासून वाशी-तुर्भ्याचं एपीएमसी मार्केट काही किलोमीटरवर. तिथे माथाडी कामगार पहाटेपासून कांदा-बटाट्याची पोती पाठीवर वाहतात. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा आला आणि या कष्टाला संरक्षण मिळालं. दिवसभर एवढी हालचाल, म्हणजे हे सगळ्यांत निरोगी असणार, असं वाटेल. संशोधक सांगतात की तसं घडत नाही. दहा-दहा तास ओझं वाहताना विश्रांती मिळत नाही, नाडी आणि रक्तदाब दिवसभर चढेच राहतात, त्यामुळे मोकळ्या वेळात केलेल्या व्यायामाचे फायदे अशा कष्टातून मिळत नाहीत.

केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांत काम करणाऱ्यांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला. साड्यांच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांना त्याआधी टेकायलाही मिळत नव्हतं. आयटीतल्या मुलीला उठायची मोकळीक हवी, काउंटरवरच्या मुलीला बसायची. दोघींच्या शरीराची मागणी एकच आहे, बदल.

पाच मिनिटांचा ‘वाय-ब्रेक’

केंद्राच्या आयुष मंत्रालयाने कामाच्या ठिकाणी करायचा पाच मिनिटांचा योगक्रम तयार करून घेतला. दिल्लीच्या मोरारजी देसाई राष्ट्रीय योग संस्थेने २०२० च्या जानेवारीत त्याची चाचणी घेतली. खासगी आणि सरकारी कार्यालयांतले ७१७ जण त्यात सामील झाले. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याचं ॲप आलं आणि केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना हा ब्रेक घ्यायला प्रोत्साहन द्या, असं पत्रही निघालं. २०२३ मध्ये तर खुर्चीत बसूनच करायचा प्रकारही आला.

यात असतं काय? आधी ताडासन: टाचा उचलून चवड्यांवर उभं राहून हात वर ताणायचे. मग ऊर्ध्वहस्तोत्तानासनात कमरेतून डावी-उजवीकडे झुकायचं. स्कंधचक्रात बोटं खांद्यावर ठेवून कोपर गोल फिरवायचे, की-बोर्डवर वाकून आखडलेले खांदे इथे कडकड वाजतात. कटिचक्रासनात पाय रोवून कमरेतून मागे वळायचं, एक हात विरुद्ध बाजूच्या खांद्यावर आणि दुसरा पाठीमागे. शेवटी दीर्घ श्वास, नाडीशोधन आणि भ्रामरी. चटई लागत नाही, कपडे बदलावे लागत नाहीत, घाम येत नाही. दुपारी साडेतीनला, जांभया सुरू व्हायच्या वेळी, मजल्यावरच्या सगळ्यांनी मिळून केलं तर संकोचही वाटत नाही. गुडघे, मणका किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी मात्र डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी.

औंधच्या राजांचा कार्यक्रम

व्यायामाची मोहीम राबवायला कंपनीच लागते असं नाही. औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी शंभर वर्षांपूर्वी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला. संस्थानातल्या शाळांत ते लागू केले, स्वतः रोज घातले आणि १९३८ साली लंडनहून त्यावर इंग्रजी पुस्तकही काढलं. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम उभारलं आणि योगाचे परिणाम यंत्रांनी मोजायला घेतले. हा वारसा नवी मुंबईपासून एका घाटाच्या अंतरावर आहे. राजांकडून आजच्या मॅनेजरने एक गोष्ट आवर्जून उचलावी: त्यांनी लोकांना सांगितलं ते आधी स्वतः केलं.

तीन मिनिटांचं जपान

जपानमध्ये १९२८ पासून रेडिओवर व्यायामाचा कार्यक्रम लागतो. पियानोच्या तालावर जेमतेम तीन मिनिटं. आजही कितीतरी कारखान्यांत आणि बांधकामांवर काम सुरू व्हायच्या आधी सगळे रांगेत उभे राहून तो करतात. सरकारही हातभार लावू शकतं: स्वीडनमध्ये मालकाने कर्मचाऱ्याच्या व्यायामासाठी ठराविक रक्कम दिली तर ती करमुक्त असते.

रोज १० हजार पावलांचं फॅडही जपानचंच. १९६५ च्या सुमारास तिथल्या एका कंपनीने पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं आणि त्याच्या नावातच हा आकडा घातला. पुढे अमेरिकेत १६ हजारांहून अधिक वयस्कर स्त्रियांची पावलं मोजली, तेव्हा दिवसाला ४,४०० पावलांपासूनच फायदा दिसू लागला आणि ७,५०० च्या आसपास तो स्थिरावला. म्हणजे घड्याळावर दहा हजार झाले नाहीत म्हणून हिरमुसून बसू नका. आहेत त्यात हजारभर वाढवा.

मीटिंग चालता चालता

स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१४ मध्ये लोकांना बसवून आणि चालवून नव्या कल्पना सुचवायला सांगितल्या. चालताना सुचणाऱ्या कल्पना सरासरी ६० टक्क्यांनी जास्त भरल्या. रिकाम्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चाललं तरी फायदा झाला. दोघा-तिघांची मीटिंग असेल तर कॉन्फरन्स रूम अडवण्यापेक्षा आवारात फेरी मारा.

शहरच चालण्यासाठी आखलेलं

चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडच्या या शहराची कल्पना मांडली आणि १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. रेल्वेमार्गाला धरून एकेक उपनगर, स्टेशनभोवती कामाच्या जागा, अशी ती आखणी. वाशी स्टेशनच्या डोक्यावर तर आयटी पार्कच उभं आहे. नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो धावू लागली, ११ स्थानकांची. स्टेशनपासून ऑफिस एक-दीड किलोमीटरवर असेल तर एका बाजूचा प्रवास तरी पायी जमतो. त्यासाठी फुटपाथ मोकळा, सावली आणि संध्याकाळी उजेड हवा. हे काम महापालिकेचं, सिडकोचं आणि एमआयडीसीचं. ते मागून घेणं आपलं.

उशीर झालाय का?

मुळीच नाही! अमेरिकेत डॅलस इथे १९६६ मध्ये पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं. त्यांचा दमसास कोसळला. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले तेव्हा कळलं, तीस वर्षांच्या वाढत्या वयाने जेवढं नुकसान केलं नव्हतं तेवढं त्या तीन आठवड्यांनी केलं होतं. मग पन्नाशीतल्या या गड्यांनी सहा महिने बेताबेताने व्यायाम केला आणि त्यांचा दमसास विशीत प्रयोग सुरू झाला होता तेव्हाच्या पातळीला परत पोचला. शरीर उदार आहे, थोडं दिलं तरी भरभरून परत करतं.

उद्यापासून ऑफिसात

• तासाची मीटिंग ५० मिनिटांत, अर्ध्या तासाची २५ मिनिटांत संपवा. उरलेला वेळ पाय मोकळे करायला.
• प्रिंटर, कचऱ्याचा डबा, पाण्याचा कूलर खुर्चीपासून दूर ठेवा. बाटली छोटी आणा, म्हणजे भरायला उठावं लागेल.
• जिन्यात लख्ख दिवे लावा, भिंती रंगवा, लिफ्टपाशी जिन्याकडे बोट दाखवणारी पाटी लावा. दोन मजल्यांसाठी लिफ्ट नको.
• सिगरेटसाठी खाली उतरणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. तेवढाच वेळ चालायला जाणाऱ्यालाही हक्काने मिळू द्या.
• कॉल सेंटरच्या फ्लोअरवर हेडसेटची वायर लांब द्या किंवा बिनवायरचा द्या, बोलता बोलता उभं राहता येईल.
• नाइट शिफ्टलाही हाच कार्यक्रम. रात्री तीनला मान आखडते ती दिवसापेक्षा जास्तच.

यातल्या बहुतेक गोष्टींना फारसा खर्च नाही, एचआरचा एक मेल पुरतो. पण मेल वाचूनही लोक उठणार नाहीत, कारण उठलं तर कामचुकार म्हणतील ही धास्ती मनात पक्की बसलेली असते. ती एकच माणूस घालवू शकतो. साडेतीन वाजले की टीम लीडरने, मॅनेजरने, साहेबाने, मॅडमने लॅपटॉप मिटावा, ‘चला, पाच मिनिटं’ असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणावं आणि स्वतः आधी उभं राहावं.